रविवारचं दार

आमच्या इमारतीत लातूरची एक मुलगी नुकतीच राहायला आली आहे. नवरा गोदामात रात्रपाळीला, मुलगा तीन वर्षांचा, घर एका बेडरूमचं. परवा लिफ्टमध्ये भेटली तेव्हा म्हणाली, "ताई, रविवारी याला घेऊन कुठं जायचं हो? हे झोपलेले असतात आणि हा घर डोक्यावर घेतो."

मला माझाच पहिला हिवाळा आठवला. स्कारबरो म्हणजे टोरांटोचं पूर्वेकडचं अंग. बाहेर उणे पंधरा, आत झोपलेला नवरा आणि लेकाला "हळू बोल, हळू बोल" म्हणणारी मी. शनिवारी आम्ही दोघं वाचनालयात जायचो. तिथे ऊब होती, गालिचा होता, चित्रांची पुस्तकं होती, आणि "तुम्हाला काय हवंय?" असं कुणी विचारत नव्हतं. आमच्या जवळची शाखा रविवारी मात्र बंद असायची. दारावर वेळापत्रकाची पाटी होती, त्यात रविवारच्या ओळीपुढे एकच शब्द. मी तिला सुट्टीची पाटी समजत होते. तो अर्थसंकल्पातला एक आकडा आहे, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

या शहराच्या पैशांचं गणित कठोर आहे. प्रांताच्या कायद्यानुसार महापालिकेला रोजच्या खर्चात तूट दाखवता येत नाही. आयकर लावता येत नाही, विक्रीकर लावता येत नाही. हातात मुख्यतः घरपट्टी, भाडी, शुल्कं आणि वरच्या सरकारांची मर्जी. 2024 साली सुमारे 17 अब्ज डॉलरचा अर्थसंकल्प मांडताना 1.8 अब्जांची तूट भरून काढायची होती, आणि महापौर ऑलिव्हिया चाव यांनी घरपट्टी साडेनऊ टक्क्यांनी वाढवली. ती वाढ मला पटली. आम्ही तेव्हा भाड्याच्या घरात होतो, पण घरमालकाची पट्टी भाड्यातून आपणच भरतो.

त्याच हिवाळ्यात पोलिसांनी मागितलेल्या वाढीतून 1 कोटी 26 लाख डॉलर कमी करावेत, असं प्रशासनाने सुचवलं होतं. कित्येक आठवडे तीच चर्चा. पोलीसप्रमुखांनी जाहीरपणे धोक्याचा इशारा दिला, आणि शेवटी ती रक्कम परत मिळाली. शहराला पोलीस हवेतच, त्याबद्दल माझं म्हणणं नाही. पण वाचनालयाच्या रविवारसाठी इशारा देणारा कुणी प्रमुख नसतो. तरणतलाव, बर्फावरची रिंगणं, कडाक्याच्या थंडीत बेघरांसाठी उघडलेल्या खोल्या यांचंही तसंच. ज्यांना दुसरी खोली नाही तेच तिथे येतात, आणि त्यांना कॅमेऱ्यापुढे उभं राहायची सवय नसते.

म्हणून मला 2011 सालची ती रात्र इथल्या इतिहासातली फार मोठी गोष्ट वाटते. रॉब फोर्ड महापौर होते. सल्लागारांच्या अहवालात वाचनालयाच्या काही शाखा बंद करण्याचा पर्याय आला होता. लेखिका मार्गारेट ॲटवूड यांनी लोकांना सह्या करायला सांगितलं, त्यावर बराच गदारोळ झाला, पण मला लक्षात राहिली आहेत ती त्यांच्यानंतरची माणसं. जुलैच्या अखेरीस कार्यकारी समितीची बैठक सकाळी सुरू झाली आणि जवळजवळ 22 तास चालली. दीडशेहून जास्त लोक एकामागून एक बोलले. मध्यरात्र उलटून गेल्यावर 14 वर्षांची एक मुलगी वाचनालयासाठी रडत रडत बोलली. पुढे जानेवारी 2012 मध्ये महासभेने 23 विरुद्ध 21 मतांनी अनेक सेवांवरची कपात मागे घेतली. दोन मतांचा फरक! आणि 2015 साली, बंदच्या त्या चर्चेनंतर चारच वर्षांनी, शहराची 100 वी शाखा उघडली, तीही आमच्या स्कारबरोत, सिव्हिक सेंटरच्या शेजारी.

गावी आमचं नगर वाचनालय होतं. अनुदान वेळेवर येत नाही, एवढं आम्ही ऐकायचो आणि घरी जायचो. अनुदान ठरवणाऱ्यांसमोर जाऊन उभं राहावं हे कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्या तर नाहीच.

इथे मी गेले. तेव्हा नागरिकत्व नव्हतं, आणि नागरिक नसलेल्याला पालिकेच्या निवडणुकीत मत नाही. कायम रहिवाशांना ते मिळावं अशी मागणी महासभेने 2013 साली प्रांताकडे केली होती. अजून ते मिळालेलं नाही. पण अर्थसंकल्पाच्या समितीपुढे बोलायला मत लागत नाही, नाव नोंदवलं की झालं. मला तीन मिनिटं मिळाली. घरून इंग्रजीत लिहून नेलेला कागद हातात थरथरत होता, म्हणून तो खाली ठेवला आणि झोपलेल्या नवऱ्याची आणि "हळू बोल" ऐकत वाढलेल्या लेकाची गोष्ट सांगितली. एका नगरसेविकेने विचारलं, "रविवारी उघडी असलेली शाखा तुमच्यापासून किती लांब होती?" मी म्हटलं, "दोन बस. लहान मूल आणि बर्फ असेल तर तास-सव्वा तास." त्यांनी ते लिहून घेतलं. माझ्यासारख्या किती जणांनी ते सांगितलं असेल! अलीकडे रविवारचे तास वाढवायला पैसे ठेवले जाऊ लागले आहेत, ते या सगळ्यांच्या तीन-तीन मिनिटांतून आले असं मी मानते.

आणि सांगायला जावंच लागतं. 2018 साली प्रांताने नगरसेवकांची संख्या कमी करून 25 वर आणली. आता एकेकाच्या प्रभागात लाखाहून जास्त माणसं आहेत. आपण होऊन त्यांना आमची लिफ्ट, आमची रात्रपाळी कशी दिसणार?

लातूरच्या मुलीला मी आधी सिव्हिक सेंटरच्या वाचनालयाची बस सांगितली. मग जानेवारीतल्या अर्थसंकल्पाच्या सुनावणीचं सांगितलं. ती म्हणाली, "पण ताई, मला आत्ता येऊन चार महिने झालेत. माझं कोण ऐकणार? आणि इंग्रजी?"

"दुभाष्या मागता येतो का ते विचारू. नाहीतर तू मराठीत बोल, मी शेजारी उभी राहून सांगेन."

काल संध्याकाळी ती एका कागदावर काहीतरी लिहून घेऊन आली होती. पोरगं कडेवर झोपलं होतं.