पाठ राखणाऱ्यांचे मोल : पेडणे ते डिचोली

गोमंतकाच्या उत्तर अंगाला असलेले पेडणे व डिचोली हे दोन तालुके आमच्या वाचकांस निरनिराळ्या कारणांनी परिचित असतील. कोणी हरमल-केरीचा समुद्र पाहिला असेल, कोणी मये गावचे तळे पाहिले असेल, कोणास खाणींची तांबडी धूळ आठवत असेल, तर अलीकडे मोपा येथे विमानतळ झाल्यामुळे पेडण्याचे नाव दूरदूरच्या लोकांच्या तोंडी झाले आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा मुलूख पोर्तुगिजांच्या हाती गेला, म्हणून त्यास नव्या काबिजादी म्हणत. येथे बार्देश-सासष्टीप्रमाणे ख्रिस्ती वस्ती दाट नाही. चर्चची घंटा व देवळाची घंटा एकाच वाड्यावर ऐकू येते, आणि संध्याकाळी दोन्हीकडची मुले एकाच चेंडूमागे धावतात. या दोन तालुक्यांतून नुकताच आमचा प्रवास घडला. सृष्टिसौंदर्याचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. आम्ही मात्र दोन्ही ठिकाणी कानी पडलेल्या एका वादाविषयी लिहिणार आहोत. वाद फुटबॉलचा होता, परंतु तो फुटबॉलपाशी थांबला नाही.

पेडण्यास जाताना आम्ही शिवोलीची वाट धरली. गोव्यात फुटबॉलचे बीज याच गावी पडले असे सांगतात. 1883 साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या नावाचे ब्रिटिश धर्मगुरू प्रकृती सुधारण्यासाठी येथे आले व त्यांनी मुलांस हा खेळ शिकविला. पुढे हडफडे येथील संत जोसेफच्या शाळेतून तो बार्देशभर पसरला. शिवोलीच्या पलीकडे शापोरा नदी आहे आणि नदी ओलांडली की पेडणे तालुक्यातील चोपडे. पूर्वी ही नदी फेरीबोटीने ओलांडावी लागे, आता पूल झाला आहे. भाताची कापणी झाली आणि ज्या मळ्यांत वायंगणाचे पीक घ्यावयाचे नाही ते मोकळे राहिले, की तेथे बांबूचे गोल उभे राहतात. पेडण्याच्या वाटेवर असे दोन-तीन मळे आम्हांस दिसले.

रविवारी मिस्सा आटोपल्यावर बाजारातील एका दुकानापुढे आठ-दहा मंडळी जमली होती. गावच्या संघापाशी वर्गणीचे थोडे पैसे शिल्लक होते आणि येत्या स्पर्धेसाठी बाहेरगावचे दोन खेळाडू आणता येतील एवढीच त्यांची ऐपत होती. ते दोघे कोण असावेत, हा प्रश्न. तरुणांचे म्हणणे असे, की दोन्ही आघाडीचे आणावेत. “लोक गोल बघायला येतात, फादर. वर्गणी देणारा गोलासाठी देतो. मागे चेंडू अडवणाऱ्यासाठी कोण खिशात हात घालतो?” एक वृद्ध गृहस्थ, जे आपल्या उमेदीत ‘बॅक’ म्हणून खेळले होते, हट्टाने सांगत होते, की गेल्या मोसमात संघ दोनदा पुढे असूनही हरला, तो गोल झाले नाहीत म्हणून नव्हे, तर झालेले गोल राखता आले नाहीत म्हणून. “घागर भरता खरी, पण बुडाला भोक आहे ते कधी बघणार?” असा त्यांचा सवाल होता.

वास्तविक पाहता दोन्ही पक्षांत तथ्य आहे. गोल झाल्याविना सामना जिंकता येत नाही, हे लहान मूलही जाणते. परंतु बचाव करणाऱ्याचे दुर्दैव असे, की त्याचे काम जितके उत्तम, तितके ते कमी दिसते. आघाडीवाल्याचा पराक्रम म्हणजे घडलेली गोष्ट, तर बचाववाल्याचा पराक्रम म्हणजे न घडलेली गोष्ट. प्रतिपक्षाचा गडी कोठून घुसणार हे आधीच ओळखून तो दोन पावले सरकून उभा राहतो, मग चेंडू तिकडे येतच नाही, आणि बघणाऱ्यास वाटते की याला आज काही कामच नव्हते. शिवाय हे काम एकट्याचे नव्हे. ऑफसाइडच्या नियमाचा फायदा घ्यावयाचा तर मागच्या फळीतील चौघांनी एका क्षणी, एका रेषेत पुढे सरकावे लागते. तिघे सरकले व एक मागे राहिला, तर तिघांचे श्रम व्यर्थ होतात. चूक मात्र त्या एकाची सर्वांस दिसते.

ज्यांचे नातेवाईक अमेरिकेत आहेत त्यांनी तेथील निराळ्या फुटबॉलविषयी ऐकले असेल. त्या खेळात चेंडू फेकणाऱ्या नायकापुढे पाच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे असतात. नायकाच्या अंगावर धावून येणाऱ्यांस थोपविणे हेच त्यांचे काम. नेहमीच्या डावात त्यांनी फेकलेला चेंडू झेलावयाचा नाही असा नियमच आहे. तेथील रसिकही या पाचांचे मोल किती यावर हिरीरीने भांडतात. म्हणजे पेडण्याच्या बाजारातील वाद साता समुद्रांपलीकडेही चालला आहे.

जगाचा न्याय कसा आहे पाहा. युरोपातील सर्वोत्तम फुटबॉलपटूस ‘बॅलन डी ऑर’ हा सुवर्णचेंडू देण्याची प्रथा 1956 साली सुरू झाली. इतक्या वर्षांत तो बचावपटू म्हणून गणले जाणारे जर्मनीचे बेकेनबाउअर (1972 व 1976) व झामर (1996) आणि इटलीचे कान्नावारो (2006) या तिघांनाच मिळाला, व गोलरक्षकांपैकी केवळ रशियाचे लेव्ह याशिन यांना 1963 साली. आपल्या देशातही निराळे नाही. 1962 च्या जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने अंतिम सामन्यात दक्षिण कोरियास 2-1 असे हरवून सुवर्णपदक मिळविले. त्या संघातील जर्नेल सिंग हे मूळचे बचावपटू. डोक्यास जखम होऊन टाके पडल्यावर प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्यांस आघाडीवर खेळविले आणि त्यांनी अंतिम सामन्यात गोल केला. जर्नेल सिंगांनी आयुष्यभर अडविलेले चेंडू किती, हे कोणी मोजले नाही. तो एक गोल मात्र सर्वांच्या स्मरणात आहे.

गोव्याचा स्वतःचा इतिहास मात्र वृद्ध गृहस्थांच्या बाजूने साक्ष देतो. 1983 साली संतोष करंडकाचे बंगालसह संयुक्त विजेतेपद मिळविल्यावर 1984 साली मद्रास येथे गोव्याने तो करंडक एकट्याने जिंकला. अंतिम सामन्यात पंजाबवर केवळ एक गोल चढविला, परंतु साऱ्या स्पर्धेत स्वतःवर एकही गोल होऊ दिला नाही. संघाचे नायक होते गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर. पुढे धेंपो क्लबने 2005 ते 2012 या काळात पाच वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. 2011-12 च्या मोसमात त्यांचे नायजेरियन आघाडीपटू रँटी मार्टिन्स यांनी 32 गोल केले, तो आकडा पेडण्याच्या मुलांना तोंडपाठ होता. त्याच संघाच्या मागच्या फळीत महेश गवळी व समीर नाईक हे गोमंतकीय होते, हे सांगितल्यावर मुले क्षणभर एकमेकांकडे पाहू लागली. वाद मिटला नाही, परंतु एक आघाडीचा व एक बचावाचा असे दोन खेळाडू पाहावेत, येथवर मंडळी आली.

दुसऱ्या दिवशी आम्ही धारगळवरून कोलवाळचा पूल ओलांडून निघालो. कोलवाळ हे फोर्तुनातो फ्रँको यांचे जन्मगाव. जकार्ताच्या त्याच सुवर्णविजेत्या संघात ते हाफबॅक होते. पुढच्यांस चेंडू पुरवावा व मागच्यांस आधार द्यावा, हे त्यांचे काम. 2021 साली ते प्रभूघरी गेले. तेथून थिवी, अस्नोडा व मुळगाव करीत डिचोली गाठली. वाटेत खोदलेले डोंगर लागतात. 2012 साली खाणी बंद झाल्या, मध्यंतरी सुरू होऊन 2018 साली पुन्हा थांबल्या, आणि डिचोलीकडे आता कोठे काम परत सुरू झाले आहे. मधल्या काळात ट्रकांवर पोट असलेली किती घरे हलली, ते येथील प्रत्येक कुटुंब सांगू शकेल.

डिचोलीत संध्याकाळी मुलांचा सराव चालू होता. शिकविणाऱ्या तरुणाची तक्रार अशी, की तीस मुलांपैकी मागे खेळावयास कोणी तयार नाही. पंधरा वर्षांचा एक उंच, शांत मुलगा बचावासाठी अगदी योग्य, परंतु तो सराव सोडावयास निघाला होता. “मागे खेळलो तर माझे नाव कोण घेणार?” एवढेच तो म्हणाला. त्याची आई त्याला न्यावयास आली होती. ती काही वेळ ऐकत राहिली आणि मग शांतपणे म्हणाली, “फादर, खाण बंद पडली तेव्हा ह्याचे वडील आखातात गेले. ते पैसे पाठवतात, ते सगळ्या गावाला माहीत आहे. इथे म्हाताऱ्या सासूचे दुखणे, दोघांची शाळा, ट्रकाचे कर्ज, ते कोणी सांभाळले हे अजून कोणी विचारले नाही. म्हणून मी घर सोडून जाऊ का?” मुलगा मान खाली घालून उभा राहिला. सराव संपेपर्यंत तो मैदानातून हलला नाही.

प्रिय वाचकहो, त्या माउलीने जे सांगितले ते आम्ही प्रवचनातून यापेक्षा चांगले सांगू शकलो नसतो. संत पौल करिंथकरांस लिहितात, की शरीराचे जे अवयव आपणांस कमी मानाचे वाटतात त्यांनाच देवाने अधिक मान दिला आहे. पेडण्याचे चर्च संत जोसेफ यांच्या नावाने उभे आहे. शुभवर्तमानात या संताच्या तोंडचा एकही शब्द नोंदलेला नाही. परंतु हेरोद राजाची तलवार बाळ येशूपर्यंत पोहोचण्याआधी, रात्रीच उठून, आई व बाळ यांना घेऊन ते मिसर देशाकडे निघाले. जे घडावयाचे होते ते त्यांनी घडू दिले नाही. पाठ राखणाऱ्यांचा याहून मोठा आश्रयदाता कोण असणार?

आघाडीवाल्यांचे कौतुक कमी करावे असे आमचे म्हणणे नाही. त्यांना टाळ्या मिळोत, त्या त्यांनी कमावलेल्या आहेत. परंतु ज्या मुलाला वाटते की मागे उभे राहणे म्हणजे कमीपणा, तो उद्या घरातही मागे उभा राहावयास लाजेल. आजाऱ्याच्या उशाशी बसणे, कर्जाचा हप्ता वेळेवर भरणे, भावंडांचा अभ्यास घेणे या कामांना गोल लागत नाहीत. ती झाली नाहीत तरच त्यांची उणीव दिसते. आणि असे लाजणारे वाढले, तर संघ हरतील एवढेच नव्हे, घरेही हरतील.

म्हणून गावोगावच्या क्लबांच्या मंडळींस आमची एक सूचना आहे. येत्या मोसमात सर्वांत अधिक गोल करणाऱ्यास बक्षीस ठेवाल, तसेच सर्वांत उत्तम बचाव करणाऱ्यासही एक ठेवा. रक्कम मोठी नको. सर्व गावासमक्ष त्याचे नाव पुकारले जावे, एवढे पुरे. आणि आईबापांस विनंती, की मुलगा सामना खेळून घरी आला म्हणजे “गोल किती केलेस?” हे जरूर विचारा, परंतु त्यासोबत “किती अडवलेस?” हेही विचारीत जा.