धंद्यालाही वर्षावास असतो

आमच्या सेनगाव तालुक्यात पैसा बारा महिने सारखा खेळत नाही. मृगाच्या तोंडावर तो बी-खतात जातो. आषाढ, श्रावण, भाद्रपद हे तीन महिने प्रत्येक घराचा हात आखडलेला असतो. आश्विनात सोयाबीन निघाले की बाजारात नोटा दिसू लागतात. मागून कापूस आणि तूर येते. चैत्र-वैशाखात शिजवून वाळवलेली हळद हिंगोली-वसमतच्या बाजाराला जाते. ज्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही अशा आमच्यासारख्यांचे पोटही याच पावसावर आहे. मजुरी त्यावर चालते, तसा धंदाही त्यावरच चालतो.

आम्ही दोघे नवरा-बायको येथे शिवणकाम करतो. दोन यंत्रे, एक कपाट आणि भिंतीवर तथागतांची व बाबासाहेबांची तसबीर, एवढाच आमचा पसारा. १४ एप्रिलच्या आधी पंधरा दिवस जेवायला फुरसत नसते. पांढऱ्या साड्यांचे पिको-फॉल, पोरांचे सदरे, निळे झेंडे. पुढे लग्नसराई, आणि जूनमध्ये शाळेचे गणवेश. मग पाऊस लागतो आणि दुकान ओस पडते. दिवसाकाठी एखादी फाटकी पिशवी, नाहीतर विजारीची टीप, बस्स.

याच ओस महिन्यांत आपल्या लोकांचे धंदे बुडतात. आमच्या पाहण्यात अशी कितीतरी घरे आहेत. कोणी श्रावणात यंत्र विकले, कोणी मुकादमाची उचल घेतली आणि दसऱ्यानंतर कोयता घेऊन ऊसतोडीला गेले. नेमका दसऱ्यानंतरच गिऱ्हाईक यायचा दिवस असतो! धंदा खोटा नव्हता. फक्त त्याचा पावसाळा ओलांडायला शिदोरी नव्हती.

भगवंतांनी भिक्खू संघाला वर्षावासाचा नियम का घालून दिला? पावसाळ्यात फिरताना कोवळी पिके आणि लहान जीव पायाखाली येत, म्हणून आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत एका जागी राहावे. पण एका जागी राहणे म्हणजे रिकामे बसणे नव्हे. तो अभ्यासाचा आणि साधनेचा काळ. याच महिन्यांत आपल्या विहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. आम्ही आमच्या दुकानाचाही वर्षावास मानतो. या काळात यंत्र उघडून साफ करायचे, तेल द्यायचे, झिजलेला पट्टा बदलायचा. उरलेल्या कापडांच्या वाकळी शिवून ठेवायच्या, कारण थंडी पडली की त्या हातोहात जातात. परकर शिवून ठेवायचे. नवीन काप शिकायचा. कार्तिकात जे विकायचे, ते भाद्रपदात तयार होते.

वाढीचेही तसेच आहे. हळद करणारा शेतकरी आठ-नऊ महिने वाट पाहतो आणि काढणी झाली की सगळी हळद विकत नाही. पुढच्या लागवडीचे बेणे आधी बाजूला काढतो. जेवढे बेणे राखले, तेवढेच रान पुढच्या साली वाढते. आमचे दुसरे यंत्र असेच आले, तीन दिवाळ्यांच्या बेण्यातून. सरकारी योजनेला ‘बीज भांडवल’ म्हणतात, ते नाव किती नेमके आहे! बी पेरायचे असते, शिजवून खायचे नसते.

दीघ निकायातील सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले. एक भाग उपभोगाला, दोन कामधंद्यात आणि चौथा अडीअडचणीसाठी राखायचा. आपल्यासारख्यांचे घर एका भागात भागत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून हिशोब जमेल तसा करावा, पण क्रम मोडू नये. सुगीच्या पैशातून आधी पावसाळ्याचे धान्य आणि धंद्याचे बेणे काढावे, मग साडी, टीव्ही, पाहुणचार. कर्ज घेतानाही हेच पाहावे. दर आठवड्याला दारात उभा राहणारा हप्ता श्रावण ओळखत नाही. असे कर्ज द्यायला एकजण आमच्याकडेही आला होता. आम्ही वही काढून त्याला श्रावणातली पाने दाखवली आणि हात जोडले.

ही वही फार मोलाची आहे. रोजची मिळकत आणि उधारी लिहिली, की दोन-तीन वर्षांत धंद्याची नाडी कळते. मंदी दरवर्षीची आहे की यंदाची नवीन, हे वहीच सांगते. आणि आपल्या समाजाला आणखी एक गोष्ट तपासावी लागते. प्रत्येक मंदी निसर्गाची नसते. बाबासाहेब १९१७ साली परदेशातून परतले. बडोद्याची नोकरी अपमानामुळे सोडावी लागल्यावर त्यांनी मुंबईत शेअर व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. ज्ञान एवढे अफाट, पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच लोक येईनासे झाले. तो काही ऋतूचा फेरा नव्हता, तो जातीचा बहिष्कार होता. तिथे वाट पाहून पाऊस पडणार नव्हता. बाबासाहेब थांबले नाहीत. १९१८ साली ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले.

आमच्याही दुकानात तसबीर पाहून परत फिरणारे आहेत. तसबीर आम्ही काढली नाही. ऐन दिवाळीत एखाद्या आळीचे काम आले नाही, तर तो वर्षावास नाही हे आम्ही ओळखतो. मग दुसऱ्या गावची गिऱ्हाइके जोडतो, आठवडी बाजारात वाकळी नेऊन बसतो. निसर्गाच्या मंदीत धीर धरावा. माणसाने केलेल्या मंदीत मार्ग बदलावा. या दोहोंतला फरक ओळखणे हेच धंद्याचे खरे शहाणपण.

म्हणून उपासक-उपासिकांनो, आपल्या वस्तीत कोणी शेळ्या पाळल्या असतील, चहाची गाडी लावली असेल, एखाद्या लेकीने शिवणयंत्र घेतले असेल, तर तिला पहिल्या श्रावणात ‘बुडाला धंदा’ म्हणू नका. एक ब्लाऊज शिवायला टाका आणि पैसे रोख द्या. महिला मंडळाने आणि बचत गटाने त्या तीन महिन्यांपुरता हात दिला, तरी एक घर कोयत्यापासून वाचेल आणि त्या घरातली पोरे दिवाळीनंतरही शाळेत दिसतील.

जय भीम!