कार्पेटखालचा नमदा

पुरात बुडालेली गाडी वरून धुतली, इंजिन सुरू झालं की काम झालं, असा आपल्याकडे एक समज आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली (धोक्याची पातळी ४५ फूट), तेव्हा आमची मारुती ८०० सीटपर्यंत पाण्यात उभी होती. पाणी उतरल्यावर एका गॅरेजने ऑइल बदललं, वायरिंग सुकवलं, बिलावर 'इंटिरिअर ड्रायक्लीन' असं लिहून त्याचे वेगळे पैसे घेतले आणि डॅशबोर्डवर सेंटची बाटली चिकटवून गाडी परत दिली. बाटली महिन्याभरात संपली. वास राहिला.

दर पावसाळ्यात काचा आतून धुरकट व्हायच्या, पायाखालचं कार्पेट दमट लागायचं. तेवढं चालवून घेता आलं असतं. प्रश्न अब्बांचा होता.

आम्ही पिंजारी. अब्बांनी चौदाव्या वर्षी पिंजण खांद्यावर घेतलं. तातीचा तो ढँव ढँव आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की बायका जुन्या गाद्या अंगणात काढायच्या. पुढे मशीन आलं, मग फोमच्या गाद्या आल्या आणि अब्बा फोमच्या गाद्या विकू लागले. पण तोवर चाळीस वर्षांची कापसाची धूळ छातीत जाऊन बसली होती. गिरणी कामगारांना होतो तोच हा आजार, बिसिनोसिस. गिरणीतल्या माणसाची छाती सोमवारी, सुट्टीनंतर कामावर आलं की आवळते. अब्बांचं दुकान जुम्म्याला बंद असायचं, त्यामुळे त्यांचा सोमवार शनिवारी यायचा. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा अम्मी म्हणाली, "हे तर मला तीस वर्षांपासून माहीत आहे. शनिवारी त्यांना चहासुद्धा जात नव्हता."

आता दर महिन्याला त्यांना तपासणीसाठी मिरजेला न्यावं लागतं. गाडीत बसले की विश्रामबाग यायच्या आत खोकला सुरू. ओल आणि बुरशी यांपासून लांब ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. घराच्या भिंती आम्ही खरवडून घेतल्या होत्या. राहिली होती गाडी.

त्यात २००४ ची गाडी. पंधरा वर्षांनंतर मिळालेली पाच वर्षांची मुदत २०२४ मध्ये संपणार होती. पुन्हा फिटनेस, पाच हजार रुपये फी, वर ग्रीन टॅक्स. भंगारवाला वीस हजार द्यायला तयार होता आणि माझ्या बायकोचं मत त्याच्या बाजूने होतं. अब्बा काहीच बोलत नव्हते. त्यांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेली ती एकच गाडी. मी ठरवलं, आधी फ्लोअर बघू. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चॅसी नसते, खालचा पत्रा हाच तिचा कणा. सीट त्यालाच कसलेल्या, बेल्टचे खालचे बोल्टही त्यालाच. तो कुजला असेल तर भावना बाजूला ठेवून गाडी द्यायची.

जानेवारीतल्या एका रविवारी पहाटे बॅटरीची वायर काढून सुरुवात केली. पुढच्या दोन्ही सीट, मागची गादी, दारांच्या उंबऱ्यावरच्या पट्ट्या, गिअरची टोपी, बेल्टचे बोल्ट. दोन बोल्ट गंजून बसले होते, त्यांना रात्रीच तेल पाजून ठेवलं होतं. मग कार्पेट ओढलं. ते आलं, पण एकटं आलं नाही. त्याच्या पोटाला चिकटलेला दोन बोटं जाड नमदा पाण्याने जड झाला होता. पावसाळा संपून तीन महिने झालेले आणि पिळल्यावर काळपट पाणी! त्याच्याखाली पुराचा गाळ, साय धरावी तसा. शेंगांची टरफलं, चार आण्याचं एक नाणं.

त्या खाली डांबराच्या शीट. बऱ्याच जणांना वाटतं की या शीट आवाज शोषतात. तसं नाही. पातळ पत्रा इंजिनच्या आणि रस्त्याच्या हादऱ्याने थाळीसारखा वाजतो. डांबर त्याला वजन देतं आणि ती थरथर स्वतःत जिरवतं. तबल्याच्या पुडीवर हात ठेवावा तसं. हवेतून येणारा आवाज शोषायचं काम वरच्या नमद्याचं. गाडी नवी असताना ही जोडी उत्तम. पण पाणी शिरलं की नमदा ते धरून ठेवतो, डांबराची कड जिथे सुटली असेल तिथे ते आत सरकतं, आणि पत्रा अंधारात सडत राहतो.

डांबर काढायच्या दोन रीती आहेत. गरम हवेच्या गनने मऊ करून खरवडायचं, किंवा गार करून फोडायचं. फ्लोअरखालून पेट्रोलची नळी जाते, म्हणून गरमचा विचार केला नाही. पहाटेच्या थंडीत बरंचसं छिन्नीने कपच्या उडत निघालं. ऊन चढल्यावर तेच च्युइंगगमसारखं ताणायला लागलं. तेव्हा कुल्फीवाल्याची युक्ती केली: बर्फाचा चुरा आणि खडेमीठ पिशवीत भरून त्यावर ठेवायचं, दहा मिनिटांनी हलक्या हातोडीने ठोकायचं. उरलेला काळा थर रॉकेलच्या बोळ्याने, दारं उघडी ठेवून. दोन रविवार गेले. मला दुकानात मिळणारी महागडी रसायनं यापेक्षा बरी वाटत नाहीत.

अब्बांना मी अंगणाच्या पलीकडे बसायला सांगितलं होतं. मास्क लावून ते आलेच. सुकत टाकलेल्या नमद्यातून त्यांनी चिमूटभर ओढून काढला, बोटांत पिंजला.

"ये रुई नै रे, चिंद्या हैं."

आणि एकेक तंतू वेगळा करत सांगत गेले. हा स्वेटरचा, हा पँटचा, हा कुणाच्या तरी साडीचा. काडी ओढून एक तंतू जाळला. कागदासारखा वास आला आणि राख उरली, म्हणजे सुती. दुसरा आक्रसून त्याचा टणक मणी झाला, म्हणजे पॉलिस्टर. ते बरोबर होते. गाड्यांचा नमदा अनेकदा असाच बनतो: जुने कपडे यंत्रात फाडून, त्यांचे तंतू पिंजून, थर दाबून. चिंध्यांपासून सूत काढण्याचं पानिपत हे मोठं केंद्र आहे.

"म्हणजे पिंजाऱ्याचंच काम," मी म्हणालो.

"वाईट पिंजलंय," अब्बा म्हणाले. "गाठी तशाच ठेवल्यात." मग खोकले, आणि मी त्यांना आत पाठवलं.

पत्रा ड्रायव्हरच्या पायाखाली दोन ठिकाणी चाळणी झाला होता. पाणी जायची रबरी बुचं गाळाने दगड झालेली. पण सीटखालचा आडवा सांधा आणि बेल्टच्या जागा ठोकून पाहिल्या, खणखणीत वाजल्या. वेल्डरने पेट्रोलची टाकी उतरवून दोन तुकडे बसवले, मी गंजावर फॉस्फोरिक ॲसिडवालं औषध, मग रेड ऑक्साइड, मग रंग दिला. गाडी पास झाली.

नवीन नमदा घातलेला नाही. रंगलेल्या पत्र्यावर सुटी रबरी मॅट आहे, उचलून धुता येते. आवाज अर्थातच वाढला. खडी उडाली की ताशा वाजतो आणि बोलायचं तर ओरडावं लागतं. माझी बायको त्यात बसत नाही. अब्बांना मात्र मिरजेपर्यंत खोकला येत नाही. परवा बोगीवरून रिकामा टेम्पो गेला तेव्हा त्यांनी काच खाली करून कान दिला, मग पायाने मॅटवर ठोकून म्हणाले, पुढच्या थंडीत मागची डिकी पण उघडू, तिथेही ओल असणार.

जुना नमदा अजून गच्चीवर पडून आहे. कचऱ्याची गाडी तो घेत नाही.