आजीचे गुडघे, नातवाचे पाय

वरळी कोळीवाड्याच्या काही गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की समोरून कोणी आले तर आपण उंबऱ्याकडे सरकावे. इंग्रजांनी सतराव्या शतकात बांधलेल्या किल्ल्याकडे जाताना अशाच एका गल्लीत ओळखीच्या आजींकडे थांबलो. चार वर्षांचा नातू दाराशी मोबाईल पाहत बसला होता.

“बाहेर सोडू कसा, डॉक्टर? गल्लीत सारख्या गाड्या, पुढे समुद्र. त्याच्यामागे धावायला माझे गुडघे कुठे राहिलेत?”

आजींची भीती रास्त होती. या वयातील मूल किती हालचाल करते, हे त्याच्या हौसेइतकेच जवळची जागा आणि सोबतचे माणूस यांवर ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले, की तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात किमान १८० मिनिटे हालचाल व्हावी; त्यांपैकी ६० मिनिटे धावण्या-उड्या मारण्यासारखी दमवणारी असावी. पडद्यासमोर बसणे तासाभराहून अधिक नको. ही मिनिटे सलग हवीत असे मात्र नाही.

आम्ही तिघे सावकाश किल्ल्यापर्यंत गेलो. आजी सावलीत टेकल्या. नातू त्यांच्या नजरेसमोर हुंदडू लागला. पलीकडे सागरी सेतू दिसत होता, पण त्याला त्याचे काय!

मुलामागे धावणे जमत नसेल, तर नजरेच्या टप्प्यातील सुरक्षित जागा रोज शोधावी. आणि गुडघ्यांचे उपचार लांबवू नयेत. त्यांवर घरातील आणखी दोन पावले अवलंबून असतात.