समुद्रावरची सवलत

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुंबईहून जहाजाने लक्षद्वीपला निघालो. आम्ही दोघं, दोन मुलं आणि माझ्या सासूबाई. अम्मींचं वय अडुसष्ट, मधुमेह जुना. त्यांच्या वडिलांनी मुंबईहून जहाजानेच हज केला होता. हाजींची ती जहाजं १९९५ साली बंद झाली, पण एकदा तरी जहाजात बसायचं ही अम्मींची हौस राहून गेली होती.

पहिली रात्र मजेत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून जहाज डोलू लागलं आणि धाकट्याला उलट्या सुरू झाल्या. बंद केबिनमध्ये डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग मात्र सांगतो की आपण हलतोय. या गोंधळाने मळमळतं. म्हणून त्याला वर डेकवर नेलं, जहाजाच्या मध्यभागी बसवलं आणि दूर क्षितिजाकडे बघायला सांगितलं. जहाज मधोमध सगळ्यात कमी हलतं. दुपारपर्यंत तो सावरला.

अम्मी मात्र केबिनमधून बाहेर पडायला तयार नव्हत्या. जेवणात दोन घास खिचडी, रात्री नुसता बिनसाखरेचा चहा. मधुमेहाची गोळी मात्र त्यांनी ठरल्या वेळी घेतली. चाळीस वर्षांची शिस्त! नमाजचंही तेच. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. प्रवासात जोहर, असर आणि इशा चारऐवजी दोन रकात पढता येतात, जोहर-असर आणि मगरिब-इशा एकत्रही करता येतात. मी हे सांगितलं तर म्हणाल्या, "सवलत कमजोरांसाठी असते, बेटी. मी घरी पढते तशीच पढणार."

इशाच्या तिसऱ्या रकातीला त्या खाली कोसळल्या. अंग घामाने भिजलेलं, हात थरथरत होते, बोलणं अडखळत होतं. ग्लुकोमीटर पिशवीत होता. साखर ५४! शुद्धीवर होत्या, गिळता येत होतं, म्हणून चार चमचे साखर पाण्यात विरघळवून घोट-घोट पाजली. ह्यांनी डॉक्टरांना बोलावलं. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं तर ८१. ती पंधरा मिनिटं मी किती दुआ पढल्या ते अल्लाहलाच ठाऊक.

डॉक्टरांनी समजावलं की मधुमेहाच्या काही गोळ्या पोट रिकामं असलं तरी साखर खाली आणतातच. उलट्या होत असतील, जेवण जात नसेल, तर त्या दिवशी गोळीचं काय करायचं हे घरून निघण्याआधीच आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवावं. औषधोपचाराचं बिल आमच्या केबिनच्या खात्यावर चढलं. पैसे गेले त्याचं काही नाही, अम्मी वाचल्या. अल्हम्दुलिल्लाह.

सकाळी चहा घेऊन आलेला मुलगा रत्नागिरीकडचा निघाला. आमची बोली ऐकून थांबला. अम्मी आदल्या रात्रीची नमाज अर्धवट राहिली म्हणून अजून खंतावत होत्या. तो हसून म्हणाला, "खाला, माझा आजा तीस वर्षं जहाजावर होता. वादळात तोसुद्धा बसूनच पढायचा. दर्याशी जिद्द करू नये."

मग मीही सांगितलं. शाफई फिकहच्या जुन्या किताबांत जहाजात चक्कर येणाऱ्या मुसाफिराचा खास उल्लेख आहे. त्याने बसून पढावं. ज्याला खरोखर उभं राहता येत नाही, त्याच्या सवाबात कमी येत नाही. आपल्या बुजुर्गांना समुद्र ठाऊक होता, आजारी माणूसही ठाऊक होता. शरीर ही अल्लाहची अमानत. त्याने दिलेली सवलत नाकारून ती अमानत धोक्यात घालायची, ही कुठली इबादत?

अम्मी बराच वेळ गप्प होत्या. दुपारी त्यांनी विचारलं, "किबला कुठल्या बाजूला?" जाताना तो जहाजाच्या उजवीकडे होता. खुर्चीवर बसून त्यांनी जोहर-असर एकत्र, दोन-दोन रकात पढल्या.

त्या दिवशी लाटांमुळे छोट्या होड्यांतून बेटावर उतरणंही रद्द झालं. मुलं रुसली. अम्मींनीच त्यांना जवळ घेऊन वडिलांच्या हजच्या आठवणी सांगितल्या. त्या मीही पहिल्यांदाच ऐकल्या.

बहिणींनो, म्हाताऱ्या माणसांना घेऊन अशा सफरीला जरूर जा. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून जहाज सुटण्याआधी द्या, कारण उलट्या लागल्यावर ती पोटात टिकत नाही. नेहमीची औषधं दोन दिवस जास्तीची घ्या आणि हाताशी असलेल्या पिशवीत ठेवा. साखर, ग्लुकोमीटर, ओआरएस सोबत असू द्या. जेवणाआधी साबणाने हात धुवा. जुलाब-उलट्यांचे काही विषाणू नुसत्या सॅनिटायझरने मरत नाहीत. आणि प्रवासातल्या नमाजचे मसले घरीच, सगळ्यांनी मिळून वाचून घ्या. आजारी माणसाला ऐन वेळी कायदा सांगितला तर त्याला कमीपणा वाटतो. घरी निवांत बसून वाचला, तर त्यातली रहमत कळते.