विसाव्या तारखेचा पूल

१/ २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात, ओंकारेश्वर मंदिराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची गोळ्या झाडून हत्या झाली. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांपुढे तेव्हा एक प्रश्न उभा राहिला, ज्याकडे इतिहासाचे लक्ष क्वचितच जाते. कर्मकांडाची चिकित्सा करण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याचा शोक कोणत्या रीतीने करावा?

२/ दाभोलकरांनी देहदानाचा संकल्प केला होता. शवविच्छेदनामुळे तो सिद्धीस गेला नाही. साताऱ्यात धार्मिक विधींविना अंत्यसंस्कार झाले. पुत्र हमीद असताना अग्नी कन्या मुक्ता यांनी दिला. अस्थी शेतात विखुरल्या गेल्या. पुरोहिताविना संस्कार हा आग्रह महाराष्ट्राला नवा नव्हता. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाची ती शिकवण होती.

३/ घरचे संस्कार उरकले, सहकाऱ्यांचा शोक मात्र उरला. त्यासाठी त्यांनी हत्येचीच जागा निवडली. दर महिन्याच्या २० तारखेला ते त्या पुलावर जमू लागले.

४/ हिंदू घरांत मृत्यूनंतरचे वर्ष मासिक श्राद्धांनी मोजले जाते. वर्षश्राद्ध झाले की घर पुन्हा संसाराला लागते. पुलावरच्या मोजणीला अशी अखेर ठरलेली नव्हती. श्राद्धातील शब्द मृतासाठी असतात, येथील शब्द शासनासाठी होते: मारेकरी कोण आणि सूत्रधार कोण? ‘आम्ही सारे दाभोलकर’ या घोषणेने तर मृताचे नाव जमलेल्या प्रत्येकाने स्वतःला लावून घेतले.

५/ हा पूल महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या नावाचा आहे. अस्पृश्यतानिवारणासाठी झिजलेल्या त्या सुधारकालाही स्वकीयांचा रोष सोसावा लागला होता.

६/ ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी दाभोलकर वर्षानुवर्षे झगडले, त्याचा अध्यादेश हत्येनंतर चारच दिवसांत निघाला. डिसेंबरात विधिमंडळाने कायदा संमत केला. सहकाऱ्यांच्या वाट्याला हा आनंद शोकाच्या हातून आला. पुढे २० फेब्रुवारी २०१५ रोजी गोविंद पानसरे गेले आणि त्याच तारखेवर दुसरे दुःख येऊन बसले.

७/ १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप सुनावली, तिघांची निर्दोष मुक्तता केली. दहा वर्षांहून अधिक काळ विचारलेल्या प्रश्नांपैकी पहिल्याला उत्तर मिळाले. दुसरा प्रश्न निकालानंतरही कार्यकर्त्यांच्या ओठी राहिला.