निळा वगळून

ज्युरीची ड्यूटी आणि रंगकाम यांचं वेळापत्रक छान जुळतं. मी वापरते ते प्रोसियन एमएक्स रंग आयसीआय कंपनीने १९५६ साली आणले. सुती कापडासाठी, आणि उकळायची भानगड नाही. सोडा अ‍ॅशच्या पाण्यातून काढून पिळलेल्या कापडावर रंग ओतायचा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून चोवीस तास मुरू द्यायचं. रात्री रंगवा, दिवसभर न्यू ब्रन्सविकच्या कोर्टात बसा, संध्याकाळी येऊन धुवा. मॅजेंटा पटकन धरतो; टर्क्वाइज आळशी, त्याला ऊब लागते, म्हणून त्याची पिशवी वॉटर हीटरजवळ.

पंचाईत झाली निळ्याची. साक्षीदार म्हणाला, गाडी गडद निळी होती. रात्रीची वेळ, पार्किंगमध्ये सोडियमचे पिवळे दिवे. त्या उजेडात निळा काळपट करडा दिसतो, हे रंगाऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. पण न्यायाधीशांनी बजावलं होतं: कोर्टात आलं तेवढंच धरायचं, घरी शोधाशोध नाही, प्रयोग नाहीत. निवडीच्या वेळी मी ‘कापड रंगवते’ म्हटल्यावर दोन्ही वकील कौतुकाने हसले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. चित्रकला-छंद वर्गातली बाई वाटली असणार.

आमच्या गराजवर तसाच दिवा आहे. हातात नेव्हीचा तुकडा घेऊन सहज त्याखालून गेले असते, तरी तो प्रयोगच झाला असता. म्हणून खटला संपेपर्यंत निळा बंद. गुलाबी, मोहरी, विटकरी एवढंच केलं. मोहरीचा तर कंटाळा आला.

पुण्याहून आईचा फोन. “अगं, निदान कसला खटला ते तरी सांग!” सांगता येत नाही म्हटलं तर रुसली. तिच्या लेखी ज्युरी म्हणजे १९५९चा नानावटी खटला. अख्खी मुंबई त्यावर बोलत होती, ‘ब्लिट्झ’ने नानावटींची बाजू उचलून धरली होती, ज्युरीने आठ विरुद्ध एक असं निर्दोष ठरवलं आणि हायकोर्टाने ते फिरवलं. “म्हणूनच बोलू देत नाहीत,” मी म्हटलं. “मी काय पेपरात छापणारे?” आई.

मग एका सकाळी आरोपीने गुन्हा कबूल केला आणि आम्हाला घरी पाठवलं. दिव्याचा विषय कुणीच काढला नव्हता. रात्री गराजपाशी नेव्ही, काळा आणि बाटलीहिरवा असे तीन तुकडे शेजारी धरले आणि नवऱ्याला विचारलं, यातला निळा कुठला?

त्याने बेधडक हिरव्यावर बोट ठेवलं.